कुंभ्याच्या बैठकीवर बसण्याआधी

मी, सुयोग हैबती पार्टे, वय सव्वीस, मूळ राहणार मौजे खडपवाडी, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, सध्या मुक्काम जयपूर, काम शूटिंग रेंजवर नोकरी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. मी कुठलीही नशा केलेली नाही. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. इथल्या डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दाखला देताना त्यांनी विचारलं की या वयात मृत्युपत्र कशाला, आजार काय आहे. मी म्हटलं, शिमग्याला गावी जायचंय. ते हसले. मी हसलो नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा नाडी बघितली.

माझं शिक्षण आठवी नापास. रेंजवर एक वकील सराव करायला येतात, त्यांनी नमुना दिला. तो हिंदीत आहे. त्यावरून मला जमेल तसं मराठी केलं आहे. कुठे चुकलं असेल तर अर्थ घ्यावा, शब्द धरून बसू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझ्या मागे माझी आई गोदूबाई आणि धाकटा भाऊ प्रवीण एवढेच आहेत. लग्न झालेलं नाही. वडील हैबती पार्टे मागच्या शिमग्यात वारले, ते कसे ते पुढे येईल. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मावशी ललिता हिने करावी. ती पाचाडला खानावळ चालवते. रायगड चढून उतरलेल्या भुकेल्या माणसांना रांगेत उभं करते, तर आमच्या भावकीलाही करेल. आमच्या गावकीत तिचं काही अडत नाही, म्हणून तीच हवी.

कलम २. खडपवाडीतलं घर आणि खालची भाताची खाचरं यांत माझा जो हिस्सा निघेल तो आईला. प्रवीणने त्यावर हक्क सांगू नये. तळीयेवर दरड आली त्या पावसाळ्यानंतर आमच्याही वाडीला नोटीस लागली होती. दर पावसात वरच्या अंगाची भेग बघून यायची आणि घरी येऊन काही बोलायचं नाही, असं वडिलांचं होतं. आईने आता पावसाळ्यात तिथे राहू नये. पाचाडला मावशीकडे जावं. घर पडलं तर पडू दे.

कलम ३. बँकेतली सगळी शिल्लक आईला. मोटारसायकल रेंजच्या आवारात उभी आहे, ती विकून येईल तेही तिला. अनिल, जो माझ्यासोबत खोलीत राहतो आणि रेंजच्या मेसला स्वयंपाक करतो, त्याला मी मोटारसायकलच देणार होतो. पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं वकील म्हणाले. तो म्हणाला, "मला गाडी नको, तू परत ये." तसं कलम नमुन्यात नाही.

कलम ४. माझ्या वडिलांच्या नावावर शेतीच्या राखणीच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. ती सध्या पोलीस ठाण्यात जमा आहे. परवाना वारसाच्या नावावर करायचा अर्ज प्रवीणने आणून ठेवला आहे, त्यावर आईची सही राहिली आहे. आईने सही करू नये. बंदूक सरकारजमा व्हावी. आमच्या घरातल्या कोणीही ती परत मागू नये.

याचं कारण सांगावं लागेल, कारण मावशी सोडून कोणी विचारणार नाही.

आमच्या गावात धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी शिकार असते. कायद्यात ती बसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी असते. बाकीचा गाव खालून हाकारा घालतो, म्हणजे आरडाओरडा करत, डबे वाजवत डुक्कर वर हाकलतो. वर ओढ्याच्या दोन्ही अंगाला बंदूकवाले बसतात. कोणी कुठे बसायचं ते घराण्याने ठरलेलं. आमच्या घराची बैठक कुंभ्याच्या झाडाखाली. ओढ्यापलीकडे समोर कातळावर मालोजी तात्यांची. तात्या वडिलांचे चुलतभाऊ आणि शिकारीचे मानकरी. पहिला बार त्यांचा.

बैठकीचे नियम कडक आहेत. हाकारा वर येऊन तात्या शिट्टी वाजवत नाहीत तोवर उठायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. जो बोलला त्याची त्या वर्षाची बैठक मोडली. संध्याकाळी शिकारीच्या मटणाचे वाटे पडतात तेव्हा गावकीसमोर तोंड उघडायचा हक्कही फक्त त्या दिवशी बैठकीवर बसलेल्यांना. बाकीच्यांनी वाटा घ्यायचा आणि घरी जायचं.

मागच्या शिमग्यात वडील कुंभ्याखाली बसले होते. त्यांना खोकला होता, महाडला खडी क्रशरवर काम केल्यापासूनचा. प्रवीण हाकाऱ्यात होता. त्याने खालून ऐकलं, आधी खोकला आला, मग तात्यांचा बार झाला. मग शिट्टी वाजलीच नाही.

गावकीने पोलिसांना सांगितलं की हैबती पाय घसरून पडला आणि त्याची त्यालाच गोळी लागली. आईने त्या जबाबाखाली सही केली. तिच्याभोवती सगळी भावकी बसली होती. मी पोहोचलो तेव्हा सही झाली होती आणि राखही गार झाली होती. मी आईला दोष देत नाही. हे लिहिलंय ते तिला दोष लागू नये म्हणूनच.

मग ग्रामदेव भैरीला कौल लावला. देवाच्या अंगावर कळ्या लावून विचारलं, शिकार बंद करू का. डावा कौल आला, म्हणजे नको. तात्यांचा मान तसाच राहिला. मी देवाला बोल लावत नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं. तात्यांना दिसतं का, हे कोणी विचारलं नव्हतं.

कलम ५. मालोजी तात्यांना मी माझं पदक ठेवतो. राजस्थानातल्या एका खुल्या स्पर्धेत हवेच्या रायफलीच्या दहा मीटरमध्ये मिळालं होतं, कांस्य आहे. ते त्यांनी घ्यावं.

वडिलांच्या पश्चात पहिल्या दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा हे पदक त्यांना दाखवायला नेलं होतं. लहानपणी गलोल कशी धरायची ते मला तात्यांनीच शिकवलं. भांडायचं ठरवून गेलो होतो, पण पदक खिशात होतं हेही खरं. ते ओटीवर बसले होते. मी पदक हातात दिलं. त्यावर एक नेम धरलेला माणूस कोरला आहे, रायफलीसकट, चांगला ठसठशीत. तात्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, कपाळाला लावलं आणि विचारलं, "कुठला देव रे हा?"

प्रयागकाकी, त्यांची बायको, दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

मी म्हटलं, तात्या, महाडला चला, डोळे दाखवू, मोतीबिंदू असेल तर एका दिवसात काढतात. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पोराला समजवावं तसं म्हणाले, "डोळ्यानं कोण मारतो रे? शिकार कानानं मारायची असते. माझा बाप पण कानानंच मारायचा."

मी विचारलं, आणि माझ्या आबांना कशानं मारलं?

"त्यानं आवाज केला," तात्या म्हणाले. "बैठकीवर आवाज करायचा नाय, हे त्याला माहीत नव्हतं काय?"

माझा त्यांच्यावर खुनाचा आरोप नाही. ते खोटं बोलले नाहीत. सगळ्या गावात तेवढे एकटेच खोटं बोलले नाहीत.

हे मी गावकीच्या पुढाऱ्यांना फोन करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वाट्याच्या वेळी बोल. म्हटलं, मला बोलू द्याल का? म्हणाले, बसलास तर देऊ. वनखात्याला कळवायचा विचारही केला. पण अर्धा गाव आत जाईल, त्यात हाकारा घालणारा प्रवीण आणि जबाबावर सही केलेली आई. तात्यांच्या शिंगातली बंदुकीची दारू ओली करू असं अनिल म्हणाला. ते शिंग आणि बंदूक तात्या उशाशी घेऊन झोपतात.

कलम ६. हे कलम प्रवीणसाठी आहे, म्हणून तू असंच लिहितो.

प्रवीण, माझी मॅच रायफल, पेटी, बूट, हातमोजा, स्टँड, पीप साइट आणि छर्‍यांचे सगळे डबे तुला. मात्र एका अटीवर. तू कुठल्याही बैठकीवर, कुठल्याही रानात, सजीव प्राण्यावर नेम धरायचा नाहीस. धरलास तर हे सगळं मावशीने विकून पैसे आईला द्यावेत.

तू फोनवर म्हणालास ते मी विसरलेलो नाही. "दादा, तू बारा महिने कागदाला भोकं पाडतोस. डुकरासमोर बसून दाखव." तुला वाटतं कागद सोपा. कागदाचं काळं मधलं टिंब दहा मीटरवरून किती दिसतं ते एकदा येऊन बघ. डुक्कर त्याच्यापुढे घराएवढं आहे. आणि कागद चुकला तर नंबर जातो, बाकी कोणाचं काही जात नाही.

सुरू करायचं असेल तर माझ्यासारखं करू नकोस. मी टँकरवर क्लीनर होऊन इथवर आलो, रेंजवर कागद बदलायला लागलो, आणि पहिली गोष्ट काय केली तर रायफल घेतली. सगळे तेच करतात. दिल्लीच्या एका दुकानदाराने मला वापरलेली दिली. नळी चकचकीत, लाकडाला पॉलिश. हवेच्या सिलेंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते, ती त्याने स्टिकरखाली दडवली होती. पहिल्याच स्पर्धेत सामान तपासणाऱ्यांनी नखाने स्टिकर काढलं आणि मला बाहेर बसवलं. त्या दुकानदाराला मी माफ केलेलं नाही आणि या कागदानेही करत नाही. आता सिलेंडर नवा आहे, तरी माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तारीख स्वतः वाच.

सगळ्यात आधी डोळे तपासून घे. कुठलंही सामान घेण्याआधी डोळे. चष्मा लागला तर लाव, इथे मोठमोठे नेमबाज लावतात.

मग बूट. सपाट तळाचे, कडक. माझे तुला येतील, आपला नंबर एकच, एका चपलेवरून किती मारामाऱ्या केल्या आहेत. जॅकेट मात्र माझं वापरू नकोस. तू खांद्यात रुंद आहेस. दुसऱ्याच्या अंगावर मऊ झालेलं जॅकेट तुला धरून ठेवणार नाही, आणि घट्ट बसलं तर तपासणीत पास होणार नाही. ते विकून स्वतःच्या मापाचं शिवून घे. माप देताना पोट आत ओढू नकोस, तू ओढतोस.

रायफल खांद्याला लावलीस की मान तिच्याकडे न्यायची नाही, तिला मानेकडे आणायची. गाल टेकतो तो भाग वरखाली होतो, खांद्याला लागते ती पट्टीही सरकते. हे बसवायला आठवडे जातात, कंटाळा करू नकोस. छर्रे चपट्या तोंडाचेच घे. एक डबा चांगला लागला म्हणून त्याच कंपनीचा दुसरा लागेल असं नाही. रायफल टेकवून प्रत्येक डब्यातले थोडे मारून बघ आणि ज्याची भोकं एकमेकांत जातात तो स्पर्धेसाठी ठेव. या रायफलीला परवाना लागत नाही असं इथे सांगतात, तरी बिल आणि क्लबचं कार्ड पेटीतच असू दे, नाक्यावरच्या हवालदाराला तुझा चेहरा आवडणार नाही.

पहिली स्पर्धा ओपन साइटची, म्हणजे उघड्या माशीवर नेम धरायची, खेळ. बारीक भोकातून बघायची पीप साइट नंतर. आणि सुरुवातीला छर्राच भरू नकोस. कोऱ्या भिंतीसमोर उभा राहा, नेम धर, घोडा दाब, काहीच होणार नाही. तसं रोज. मला वेड्यासारखं वाटायचं. पाय शिवशिवायचे, मला एका जागी उभं राहणं कधी जमलंय? शाळा सुटली ती त्यामुळेच. आमचे प्रशिक्षक राठौड सर पाठीमागे उभे राहायचे आणि म्हणायचे, हलला की पुन्हा.

एक गोष्ट मात्र आपल्या गावात कोणी शिकवली नाही. श्वास अर्धा सोडून थांबलास आणि नेम बसला नाही, तर रायफल खाली घ्यायची. मारायचं नाही. पुन्हा श्वास, पुन्हा वर. साठ गोळ्यांत कितीतरी वेळा खाली घ्यावी लागते आणि त्यात कमीपणा नाही. न मारता खाली घेता येणं हीच अर्धी विद्या आहे. कोणाच्या हातात ती नसेल तर त्याच्यासमोर बसू नये.

आता तू म्हणशील, मग तू का बसतोयस.

कलम ७. वडिलांचं वर्ष होतंय. बैठक दुसऱ्या शिमग्याला रिकामी राहिली तर घराचा मान जातो, असं गावकीने घरी येऊन सांगितलं. आईने मला फोन केला. आधी बराच वेळ गुराढोरांचं बोलली. मग म्हणाली, "तू येऊ नको." थोड्या वेळाने म्हणाली, "पण तू नाय आलास तर हा बसणार हाय." मग फोन तसाच चालू ठेवून रडली.

प्रवीणला मी ओळखतो. त्याला खोकला नाही, पण एका जागी श्वास चार वेळा घेईपर्यंत तो बसत नाही. पाय हलवेल, मान खाजवेल, फोन बघेल. समोर कातळावर तात्या कान देऊन असतील.

म्हणून मी बसणार आहे. मोठा भाऊ हजर असताना धाकट्याला बसता येत नाही, तो नियम माझ्या कामाचा आहे. बंदूक नेणार नाही. आदल्या संध्याकाळी जाऊन कुंभ्याखालचा सगळा पालापाचोळा हाताने काढणार आहे. शिमग्यात कुंभा लाल होऊन गळतो, रात्रीत पुन्हा पडेल तो पहाटे काढेन. मॅच जॅकेट घालणार नाही, कॅनव्हास करकरतं. जुना धुतलेला सुती सदरा घालेन. पायात काही नाही. इथे रेंजवर मी पाच आठवडे तसंच बसून बघतोय, जमिनीवर, मांडी न घालता, दुपारच्या उन्हात. अनिल मागून भांडी वाजवतो, पत्रा ठोकतो. राठौड सरांनी विचारलं, ही कुठली पोझिशन? मी म्हटलं, आमच्या गावची. काल त्यांनी माझ्यामागे उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, सुयोग, तुझा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. आजवर त्यांनी मला असं काही म्हटलं नव्हतं.

माझा आवाज होणार नाही याची मला खात्री आहे. माझ्याजवळून भेकर गेलं तर त्याचा होईल. वरून फांदी मोडली तर तिचा होईल. त्याला माझा इलाज नाही.

शिट्टी झाली, मी उठलो, तर संध्याकाळी गावकीसमोर मी बोलणार आहे आणि तात्यांच्या हातातून बंदूक सगळ्यांदेखत मागणार आहे. मग हे मृत्युपत्र मीच रद्द करेन आणि अनिलला मोटारसायकल देईन.

कलम ८. हा लिफाफा ललिता मावशीकडे राहील, कधी यायचं आणि कधी उघडायचा ते तिला फोनवरही सांगितलं आहे. तिने धुळवडीला आमच्या घरी येऊन राहावं आणि दुसऱ्या दिवशी माणसं डोंगरातून खाली आली की मला त्यांच्यात शोधावं. मी चालत येत नसलो तर उघडावा.

ते सांगतील, घसरला. मी घसरलेलो नाही. सांगतील, स्वतःची बंदूक उडाली. मी बंदूक नेलेली नाही. या वेळी आईने कशावरही सही करू नये. मला खाली नेण्याची घाई करू नये. आधी वाटे पडतात तिथे जावं आणि मटण कापण्याआधी हे कलम वाचावं. त्या दिवशी जो बसला त्याला बोलता येतं. बसलेला मेला तर त्याचं बोलणं बुडतं, असा नियम मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

वाचायचं आईने. वाट्याच्या जागी बायका येत नाहीत हे मला माहीत आहे. ती चौथीपर्यंत शिकली आहे, अक्षर मी मोठं काढलं आहे. एवढंच वाचायचं:

कुंभ्याच्या बैठकीवरून सुयोग हैबती पार्टे बोलतो. मी बसलो होतो. मी आवाज केला नाही. मालोजी तात्यांना दिसत नाही, आणि हे इथल्या प्रत्येकाला माझ्या बापाच्या मरणाआधीपासून माहीत आहे. आमची बैठक मी आज मोडली. तिथे आता आमच्या घरातलं कोणी बसणार नाही. तिथे बसवायचा असेल तर तुमचा मुलगा बसवा. कोणाचा बसवता, ते आत्ता, माझ्या आईसमोर सांगा.

मग उत्तर येईपर्यंत तिने तिथून हलू नये. प्रवीणने तिच्या मागे उभं राहावं आणि हातात काही घेऊ नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, समजून उमजून खाली सही केली. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे.

सही: सुयोग हैबती पार्टे

सुयोग पार्टे यांनी आमच्या दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. सही करताना त्यांचा हात हलत नव्हता.

साक्षीदार:
१. अनिल सखाराम रिंगे, मूळ राहणार तालुका पोलादपूर, सध्या जयपूर
२. भंवरसिंह राठौड, प्रशिक्षक, जयपूर (मजकूर मराठीत असल्याने अनिल यांनी हिंदीत वाचून दाखवला. कलम ७ दोनदा वाचायला लावलं.)

ठिकाण: जयपूर
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२६